विहीणबाईंना स्पॅनिशमध्ये काय म्हणावे?

स्पॅनिश भाषेविषयी प्रश्न मागवले तेव्हा क्रियापदांची रूपे, परीक्षेची तयारी, उच्चार अशा विषयांवर पत्रे येतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सर्वांत जास्त पत्रे नात्यांच्या शब्दांविषयी आली. कोणाचा मुलगा स्पेनमध्ये लग्न करतो आहे, कोणाची मुलगी कोलंबियात नांदते आहे, तर कोणाची नात माद्रिदच्या बालवाडीत जाते आहे. माणसे भाषा शिकायला बसतात ती बहुधा अशा कोणत्यातरी माणसासाठीच, म्हणून हा अंक मी नात्यांनाच द्यायचे ठरवले. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार शक्य तेवढा जवळचा ठेवला आहे. त, द, प, क हे वर्ण आपल्या मराठीसारखेच म्हणावेत, म्हणजे जिभेला फारसे नवे वळण लावावे लागणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचे लग्न स्पेनमधील वालेन्सिया शहरात, तेथील मुलीशी ठरले आहे. मी मोबाइलवरील अ‍ॅपवरून रोज थोडे स्पॅनिश शिकते. ते इंग्रजीतून शिकवते. सासू, सून, जावई हे शब्द त्यात मिळाले. विहीण आणि व्याही मात्र कोठेही सापडले नाहीत. मुलीच्या आईची ओळख मी कोणत्या शब्दाने करून द्यावी? आणि तिकडच्या लग्नात वरमाईला काही मान असतो का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : तुम्हाला शब्द सापडला नाही, याचे कारण तुम्ही तो इंग्रजीच्या दारातून शोधत होता. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. स्पॅनिशमध्ये आहे, आणि तो अगदी रोजच्या वापरातला आहे. विहीण म्हणजे ‘कोनस्वेग्रा’, व्याही म्हणजे ‘कोनस्वेग्रो’ आणि दोघे मिळून व्याही मंडळी म्हणजे ‘कोनस्वेग्रोस’. ‘स्वेग्रा’ म्हणजे सासू आणि ‘कोन’ म्हणजे सह. एका जोडप्याच्या दोन सासवा एकमेकींच्या सह-सासवा होतात, असा त्या शब्दाचा विचार आहे. आपण विवाहावरून ‘व्याही’ आणि ‘विहीण’ केले, त्यांनी सासूपणावरून केले. ‘एस्ता एस मि कोनस्वेग्रा’ असे म्हणालात की ‘ह्या माझ्या विहीणबाई’ हा अर्थ पुरेपूर पोहोचतो. मात्र हा शब्द ओळख करून देण्याचा आहे. समोरासमोर त्यांना नावानेच हाक मारायची असते. त्याही तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारतील आणि भेटताक्षणी दोन्ही गालांना गाल लावतील; स्पेनमध्ये ती आपलेपणाची रीत आहे.

घरातले चार मुख्य शब्द असे : सासरा ‘स्वेग्रो’, सासू ‘स्वेग्रा’, जावई ‘येर्नो’, सून ‘न्वेरा’. ते पाठ करण्यापूर्वी एकदा सावकाश मोठ्याने म्हणून पाहा, कारण हे शब्द तुम्हाला वाटतात तितके परके नाहीत. संस्कृत ‘श्वश्रू’वरून आपली ‘सासू’ आली आणि लॅटिन ‘सोक्रुस’वरून त्यांची ‘स्वेग्रा’ आली. श्वश्रू आणि सोक्रुस या दोन्हींचे मूळ एकच. ‘स्नुषा’वरून आपली ‘सून’ झाली आणि तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या लॅटिन ‘नुरुस’वरून ‘न्वेरा’ झाली. ‘नप्तृ’वरून आपला ‘नातू’ झाला, तर स्पॅनिशमध्ये त्याच घराण्यातला ‘न्येतो’ आहे, नात ‘न्येता’ आहे. ‘नातू’ आणि ‘न्येतो’ एकापाठोपाठ म्हणून पाहिलेत की पुन्हा विसरणार नाही. जावयाचा ‘जामातृ’ आणि येर्नोचा लॅटिन पूर्वज ‘गेनेर’ यांचेही नाते आहे, फक्त त्यांचे चेहरे काळाच्या ओघात बरेच बदलले आहेत.

वरमाईच्या मानाविषयी तुम्ही विचारलेत याचा मला विशेष आनंद झाला. स्पेनमधल्या पारंपरिक लग्नात नवरदेव एकटा वेदीपाशी जात नाही. त्याच्या हातात हात घालून जी स्त्री त्याला घेऊन जाते तिला ‘माद्रिना’ म्हणतात, आणि हा मान बहुधा नवरदेवाच्या आईचा असतो. नवरीला आणतो तो ‘पाद्रिनो’, म्हणजे बहुधा तिचे वडील. काही घरांत माद्रिना केसांत उंच फणी खोवून तिच्यावर ‘मांतिया’ हे जाळीदार वस्त्र घेते. तुम्ही पैठणी नेसून माद्रिना झालात तर कोणाचीही हरकत असणार नाही. मुलाला आजच विचारून घ्या, म्हणजे आयत्या वेळी धावपळ होणार नाही.

प्रश्न : मी स्पॅनिशच्या प्राथमिक परीक्षेची तयारी करतो आहे. दीर, मेहुणा, भाऊजी, साडू या सर्वांना ‘कुन्यादो’ आणि नणंद, वहिनी, मेहुणी, जाऊ या सर्वांना ‘कुन्यादा’ म्हणावे, असे मला सांगण्यात आले. एवढी नाती एका शब्दात कशी मावतात? गैरसमज होत नाही का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्हाला सांगितले ते बरेचसे बरोबर आहे, फक्त साडू आणि जाऊ त्यातून बाजूला काढा. त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्द आहे. बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे साडू, हा ‘कोनकुन्यादो’; नवऱ्याच्या भावाची बायको, म्हणजे जाऊ, ही ‘कोनकुन्यादा’. मेक्सिकोत हेच शब्द आखडून ‘कोनकुन्यो’ आणि ‘कोनकुन्या’ असे बोलतात. कोनस्वेग्रातला ‘कोन’ येथेही आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. नणंदेचा नवरादेखील कोनकुन्यादोच. बोलण्याच्या ओघात पुष्कळ स्पॅनिश माणसे ‘कोन’ गाळून सरळ कुन्यादो म्हणतात, पण परीक्षेत पूर्ण शब्द लिहावा.

आता कुन्यादो. त्याचे मूळ लॅटिन ‘कोग्नातुस’, म्हणजे ‘सह-जात’, एका रक्ताचा. रक्ताच्या नातलगाचा शब्द लग्नाच्या नातलगाला लागला आणि तेथेच स्थिरावला. त्याआधी लॅटिनमध्ये काय होते, हे मी वर्गात नेहमी आवर्जून सांगतो. लॅटिनमध्ये दिराला ‘लेविर’ म्हणत. तो आपल्या संस्कृत ‘देवृ’चाच भाऊबंद आहे, आणि देवृवरून आपला ‘दीर’ आला. नणंदेसाठी ‘ग्लोस’ होता. एकमेकींच्या जावांसाठी ‘यानित्रिकेस’ होता, आणि त्याचे नाते संस्कृत ‘यातृ’शी, म्हणजेच आपल्या ‘जाऊ’शी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या घरात दीर, नणंद, जाऊ हे सारे आपापल्या नावाने वावरत होते. पुढे लॅटिनमधून स्पॅनिश घडताना हे शब्द मागे पडले आणि कुन्यादोने सगळ्यांची जागा व्यापली. मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करण्याच्या जुन्या चालीला स्पॅनिशमध्ये ‘लेविरातो’ म्हणतात. दीर त्या एका विद्वानांच्या शब्दापुरता उरला आहे. आपल्याकडे तो अजून घरात आहे. मराठीने हे शब्द इतकी शतके सांभाळून ठेवले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

गैरसमजाविषयी सांगायचे तर, जेथे नेमकेपणा हवा असतो तेथे ते नाते उलगडून सांगतात. दीर म्हणजे ‘एल एर्मानो दे मि मारिदो’, माझ्या नवऱ्याचा भाऊ. वहिनी म्हणजे ‘ला मुखेर दे मि एर्मानो’, माझ्या भावाची बायको. ही पद्धत आपल्याला लांबण लावल्यासारखी वाटते खरी. परंतु मराठी ‘मेहुणा’ हा शब्द बायकोच्या भावालाही चालतो आणि बहिणीच्या नवऱ्यालाही चालतो, तेथे स्पॅनिश उलगड आपल्यापेक्षा स्पष्ट ठरते. म्हणून पाठांतरासाठी इंग्रजी शब्दांची यादी करू नका. स्वतःच्या घराचा वंशवृक्ष मोठ्या कागदावर काढा, प्रत्येकाच्या नावाखाली मराठी नाते लिहा, आणि त्याखाली स्पॅनिश शब्द किंवा उलगड लिहा. एका दिवाळीत घरी जमलेल्या माणसांकडे पाहून हे सारे तोंडी म्हटलेत की विषय संपला.

एक चूक मात्र तुमच्या पत्रातही दिसते. तुम्ही नमुन्यादाखल लिहिलेल्या परिच्छेदात ‘मला अकरा एर्मानोस आहेत’ असे वाक्य आहे, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही एकुलते एक असल्याचेही कळते. तुम्हाला चुलत, मामे, आते, मावस अशी अकरा भावंडे म्हणायची आहेत. मराठीत चुलतभाऊ हा भाऊच असतो, हे खरे. स्पॅनिशमध्ये ‘एर्मानो’ म्हणजे सख्खा भाऊ. हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या ‘एकाच बीजाचा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. बाकीचे सारे ‘प्रिमो’ आणि ‘प्रिमा’. सख्खे चुलत किंवा सख्खे मामे असे ठासून सांगायचे असेल तर ‘प्रिमो एर्मानो’ म्हणता येते. तुमचे वाक्य वाचून परीक्षक तुमच्या आईविषयी आदराने विचार करील, पण गुण देणार नाही.

प्रश्न : ‘फामिल्या पोलितिका’ म्हणजे राजकारणी घराणे का? मुलाखतीत एका खेळाडूच्या तोंडी हा शब्द ऐकला.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. फामिल्या पोलितिका म्हणजे लग्नामुळे जोडलेले कुटुंब; पुरुषाच्या तोंडी सासुरवाड आणि स्त्रीच्या तोंडी सासर. त्याच न्यायाने सासूला ‘माद्रे पोलितिका’ आणि जावयाला ‘इहो पोलितिको’ असेही लिहितात, पण ते निमंत्रणपत्रिका, वृत्तपत्रातील निधनवार्ता अशा ठिकाणी. घरात स्वेग्रा आणि येर्नोच.

प्रश्न : आमची मुलगी बोगोतामध्ये असते आणि तिचे सासरही तेथीलच आहे. व्हिडिओ कॉलवर तिच्या सासूबाईंशी बोलताना मी शिकल्याप्रमाणे ‘तू’ वापरले, तर मुलीने मला थांबवले. स्पॅनिश लोक सर्वांना ‘तू’ म्हणतात, असे मी वाचले होते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही वाचले ते स्पेनबद्दल असावे. स्पॅनिशमधला ‘तू’ हा उच्चाराने आणि अर्थाने आपलाच ‘तू’ आहे. लॅटिन आणि संस्कृत या दोघींनी तो एकाच पूर्वजाकडून घेतला. त्याच्याबरोबर आदरार्थी ‘उस्तेद’ आहे. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या एका जुन्या दरबारी संबोधनापासून तो घासत घासत बनला, म्हणून त्याच्यासोबत क्रियापद तृतीयपुरुषी येते. ‘हुजुरांनी यावे’ या वाक्यात आपलेही तसेच होते. तू म्हणून बोलण्याला त्यांच्याकडे ‘तुतेआर’ असे क्रियापदच आहे. आपण त्याला अरे-तुरे करणे म्हणू, फक्त त्यात आपल्या शब्दातला रागाचा सूर नाही.

स्पेनमध्ये सासू-सासऱ्यांनाही बहुतेक घरांत लवकरच तू म्हणू लागतात. कोलंबियाच्या बोगोता परिसरात मात्र उस्तेदचे राज्य आहे. तेथे नवरा-बायको एकमेकांना आणि आई मुलालाही उस्तेद म्हणताना आढळते, आणि त्यात दुरावा मुळीच नसतो. आपल्याकडे सून ‘अहो आई’ म्हणते तेव्हा त्या ‘अहो’ने सासू लांबची होत नाही, तसेच हे. तुमच्या विहीणबाईंशी उस्तेदच बोला. पुढे त्या आपण होऊन ‘तुतेएमे’ म्हणाल्या, म्हणजे ‘मला तू म्हणा’, की मग सोडा. नावाआधी आदराने ‘दोन्या’ लावता येईल, आणि व्याह्यांच्या नावाआधी ‘दोन’. हे शब्द आडनावाला लागत नाहीत, नावालाच लागतात. आपल्या ‘राव’ आणि ‘ताई’सारखे.

प्रश्न : टेनिसपटू रफाएल नदाल यांचे माजी प्रशिक्षक टोनी यांना मराठी वृत्तपत्रे ‘काका’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये काका आणि मामा यांना एकच शब्द असेल, तर मराठी पत्रकारांना ते काका आहेत हे कसे कळले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आडनावावरून. ‘तिओ तोनी’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण ‘तिओ’मध्ये काका, मामा, आतोबा, मावसोबा हे चौघेही येतात आणि ‘तिआ’मध्ये काकू, मामी, आत्या, मावशी. परंतु टोनी यांचेही पहिले आडनाव नदालच आहे, आणि स्पेनमध्ये प्रथेप्रमाणे पहिले आडनाव वडिलांकडून येत असल्यामुळे ते वडिलांचे भाऊ ठरतात. 1990च्या दशकात बार्सिलोनाकडून फुटबॉल खेळलेले मिगेल आन्खेल नदाल हे रफाएल यांचे दुसरे काका. मराठी वृत्तपत्रांचा ‘काका’ म्हणूनच अचूक आहे.

येथेही लॅटिनने एकेकाळी आपल्यासारखीच चार खोल्यांची व्यवस्था ठेवली होती. काका ‘पात्रुउस’ (आपल्या संस्कृत ‘पितृव्या’चा नातलग), मामा ‘आवुन्कुलुस’, आत्या ‘आमिता’ आणि मावशी ‘मातेर्तेरा’. नंतर ग्रीकमधून आलेल्या एका शब्दाचे तिओ-तिआ झाले आणि मधल्या भिंती गेल्या. आज फरक दाखवायचा झाला तर ‘तिओ पोर पार्ते दे माद्रे’, आईकडचा तिओ, असे म्हणतात. भाच्याचेही तेच : पुतण्या आणि भाचा दोघे ‘सोब्रिनो’, पुतणी आणि भाची दोघी ‘सोब्रिना’. अनेकवचनात आणखी काळजी घ्या. ‘मिस तिओस’ म्हणजे माझे काका-काकू किंवा मामा-मामी असे जोडपेही असू शकते. ‘पाद्रे’ म्हणजे वडील, पण ‘पाद्रेस’ म्हणजे आईवडील, ‘स्वेग्रोस’ म्हणजे सासूसासरे, ‘एर्मानोस’ म्हणजे भावंडे. पुल्लिंगी अनेकवचनात स्त्रीही गृहीत असते. स्पेनमध्ये तरुण मुले एकमेकांना हाक मारतानाही ‘तिओ’ म्हणतात. तेथे काकांचा काही संबंध नसतो.

प्रश्न : आमच्या स्पॅनिश सुनेने लग्नानंतर आडनाव बदलले नाही. तिला दोन आडनावे आहेत. आता नातू होणार आहे, त्याचे आडनाव काय लागेल? आमचे नाव राहील ना?
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : राहील, त्याच्या शेजारी सुनेचेही राहील. स्पेनमध्ये लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलण्याची रीतच नाही, त्यामुळे तुमच्या सुनेने काही नाकारले आहे असे कृपया मनात आणू नका. प्रत्येकाला दोन आडनावे असतात : एक वडिलांचे पहिले आणि एक आईचे पहिले. वर उल्लेख आलेल्या नदाल यांचे पूर्ण नाव रफाएल नदाल परेरा आहे. नदाल हे वडिलांचे आणि परेरा हे आईचे. वडिलांचे आधी की आईचे आधी, हे आता आईवडील संमतीने ठरवतात. 2017पासून स्पेनच्या नोंदणीत वडिलांचे आडनाव आपोआप आधी धरले जात नाही, पालकांना क्रम लिहून द्यावा लागतो. पहिल्या अपत्यासाठी जो क्रम ठरतो तोच पुढच्या भावंडांना लागतो.

तुमच्या मुलाला एक सावधगिरी कळवा. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहितो. स्पॅनिश अर्जात ‘पहिले आडनाव’ आणि ‘दुसरे आडनाव’ असे दोन रकाने असतात, आणि वडिलांचे नाव चुकून पहिल्या रकान्यात गेले की आजोबांचे नाव नातवाचे आडनाव होऊन बसते. मुलाला एकच आडनाव असेल तर दुसरा रकाना मोकळा सोडावा. पुढे त्याने स्पेनचे नागरिकत्व घेतले तर साधारणपणे दोन आडनावे नोंदवावी लागतात, आणि तेव्हा दुसरे आडनाव आईच्या माहेरचे लागते. तुमच्या पत्नीच्या माहेरचे आडनाव कागदोपत्री कोठेतरी स्वच्छ नोंदलेले असू द्या. आपल्याकडे ते लग्नाच्या दिवशीच पुसले जाते, आणि मग तीस वर्षांनी परक्या देशातल्या कचेरीत त्याची गरज पडते.

प्रश्न : आम्ही माद्रिदमध्ये राहतो. आमची तीन वर्षांची मुलगी बालवाडीत जाते आणि घरी मराठी बोलते. तिच्या ‘काका’ या शब्दावरून वर्गात घोटाळा झाला. काय करावे?
– एक वाचिका, माद्रिद

उत्तर : हा घोटाळा होणारच होता. स्पॅनिशमध्ये लहान मुले ‘शी’ला ‘काका’ म्हणतात. तुमची मुलगी ‘काका आले’ म्हणून आनंदाने टाळ्या वाजवते, आणि बाई तिला उचलून घाईघाईने स्वच्छतागृहाकडे नेतात. दोघींपैकी कोणाचीही चूक नाही, आणि रडू मात्र मुलीला येते. बाईंना आधीच एका कागदावर मराठी नात्यांची छोटी यादी अर्थासह लिहून द्या. तिकडच्या शिक्षिका अशी यादी आवडीने भिंतीवर लावतात.

यादीत पुढचे शब्दही असू द्या. ‘बाबा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये लाळ. बाळाच्या गळ्यात बांधतात त्याला त्यावरूनच ‘बाबेरो’ म्हणतात, आणि आपण लाळेवरून ‘लाळेरे’ म्हणतो. दोन्ही भाषांच्या आयांनी अगदी सारखा विचार केला. ‘मामा’ हा शब्द शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की आई. तेव्हा ‘मामा मला न्यायला येणार’ हे वाक्य बाईंना तुमच्याविषयी वाटेल. ‘आई’ म्हणजे ‘तिथे’. ‘नाना’ म्हणजे अंगाईगीत; आजोबांना नाना म्हणत असाल तर हा योग मला फार गोड वाटतो. तुम्ही यजमानांना ‘अहो’ म्हणून हाक मारत असाल, तर बाजारात जरा जपून, कारण लसणाचा स्पॅनिश उच्चार जवळजवळ तसाच आहे.

परंतु या कारणाने मुलीला ‘काका’च्या जागी ‘तिओ’ शिकवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. काका आणि मामा वेगळे असतात हे तिला आज तिसऱ्या वर्षी विनासायास कळते आहे. स्पॅनिश तिला शाळा, मैदान आणि शेजार शिकवील. आत्या आणि मावशी यांतला फरक तुमच्या घराखेरीज माद्रिदमध्ये तिला कोण सांगणार?

प्रश्न : माझ्या दुसऱ्या पतीला पहिल्या लग्नाची मुलगी आहे. ती मेक्सिकोत वाढली आणि स्पॅनिशच बोलते. शब्दकोशात सावत्र आईसाठी ‘माद्रास्त्रा’ मिळाले. तिने मला तसे म्हणावे का?
– नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर : तिला तसे म्हणायला लावू नये. शब्द चुकीचा नाही. कायद्यात आणि अर्जांत तोच आहे. परंतु ‘आस्त्रो’, ‘आस्त्रा’ हा प्रत्यय कमअस्सलपणा सुचवतो. सुमार कवीला ‘पोएतास्त्रो’ म्हणतात, आपण ‘कवडा’ म्हणतो तसे. परीकथांनीही हा शब्द काळवंडून टाकला आहे, जसा आपला ‘सावत्र’. पुष्कळ घरांत मुले ‘ला एस्पोसा दे मि पापा’, माझ्या बाबांची बायको, असे सांगतात आणि समोर नावाने हाक मारतात. तुम्हीही तिची ओळख ‘इहास्त्रा’ अशी न करता तिच्या नावाने करून द्या. एखाद्या दिवशी ती आपण होऊन ‘इहा’, म्हणजे मुलगी, हा शब्द स्वीकारील. तेव्हा तो मोकळेपणाने वापरा. तुम्हाला पुढे अपत्य झाले, तर ते तिचे ‘मेदिओ एर्मानो’, म्हणजे एका पालकाकडून भावंड. बोलताना मेदिओ गाळला तर कोणीही अडवत नाही.

प्रश्न : मी फोंड्याला राहते. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात ‘पाद्रीन’ आणि ‘माद्रीन’ म्हणतात. हे स्पॅनिश शब्द आहेत का? ते कोणाला लागतात? आता त्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आम्हाला आग्रहाचे बोलावणे आहे.
– एक वाचिका, फोंडा

उत्तर : ते पोर्तुगीजमधून आलेले आहेत. गोव्यावर 1510पासून 1961पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता, त्या काळात ते कोकणीत रुळले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी असल्याने शब्द जवळचे आहेत : सासू तेथे ‘सोग्रा’, जावई ‘जेन्रु’, सून ‘नोरा’, आणि विहीण ‘कोनसोग्रा’. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारा पुरुष पाद्रीन आणि स्त्री माद्रीन. स्पॅनिशमध्ये ‘पाद्रिनो’ आणि ‘माद्रिना’. पहिल्या प्रश्नात लग्नातली माद्रिना भेटली, शब्द तोच. ज्या मुलाची जबाबदारी घेतली तो ‘आइहादो’, मुलगी असेल तर ‘आइहादा’.

मेक्सिकोत ही प्रथा फार विस्तारली आहे. बाप्तिस्मा झाला, लग्न झाले, मुलगी पंधरा वर्षांची झाली, की प्रत्येक प्रसंगाला पाद्रिनो असतात. लग्नात नवरा-नवरीच्या खांद्यांवर ‘लासो’ नावाचा दुहेरी गोफ टाकतात, नवरदेव नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी घालतो, आणि लासोचे पाद्रिनो वेगळे, नाण्यांचे वेगळे असतात. लासो पाहिला की उपरण्याची आणि शेल्याची गाठ आठवल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यातून आणखी एक नाते तयार होते, आणि ते मुलाचे नसून मोठ्या माणसांचे असते. मुलाची आई आणि त्याची माद्रिना या एकमेकींच्या ‘कोमाद्रे’ होतात, मुलाचे वडील आणि पाद्रिनो एकमेकांचे ‘कोंपाद्रे’. येथे ‘को’ आणि ‘कों’ म्हणजे सह, कोनस्वेग्रातला ‘कोन’ तोच. मेक्सिकोत कोमाद्रे म्हणून हाकही मारतात, आणि ती हाक मारणाऱ्या बायका एकमेकींच्या घरी न विचारता स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतात. तुमच्या शेजारच्या घरात बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाची आई आणि माद्रीन एकमेकींना काय म्हणतात, ते जरूर विचारा आणि मला कळवा. फोंड्याच्या घरात आज कोणता शब्द चालतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.